तान्हा प्रवासी आणि कोकणची वाट

श्रावण सरत आला, की मुंबई, ठाणे, वसई, पनवेल या पट्ट्यातील घराघरांत कोकणात जाण्याच्या तयारीला प्रारंभ होतो. रजेचे अर्ज कचेरीत दाखल होतात, रेल्वेचे आरक्षण हुकले म्हणून हळहळ व्यक्त होते, एस.टी.च्या जादा गाड्यांची चौकशी चालू होते, आणि ज्यांना यांपैकी काहीच साधत नाही ते भावाभावांत वर्गणी काढून एखादी मोटार ठरवतात किंवा स्वतःची असल्यास तीच बाहेर काढतात. या साऱ्या धांदलीत ज्याचे मत कोणी विचारीत नाही असा एक प्रवासी दरवर्षी कित्येक घरांतून निघत असतो. तो चार-सहा महिन्यांचा असतो, त्याला अजून आधाराशिवाय बसता येत नाही, भूक लागली की उकाडा होतो आहे हे रडण्यावाचून सांगता येत नाही, आणि जन्मानंतरचा त्याचा हा पहिलाच गणपती असल्यामुळे त्याला गावी नेलेच पाहिजे याविषयी घरात दुमत नसते. पनवेलपासून सावंतवाडीपर्यंतच्या या वाटेवर प्रवासाचा वेग आणि मुक्काम त्या तान्ह्या जिवाच्या गरजेवरून ठरावेत, त्यासाठी कुटुंबाने आपला बेत बदलावा आणि सरकारने रस्त्यावर कायमची तजवीज करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

इतक्या लहान मुलाला मुळात न्यावेच कशाला, असा प्रश्न करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांत शहाणी माणसेही असतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. ज्या पणजीला आता ओसरीवरून अंगणात यायलाही हात धरावा लागतो ती मुंबईला येऊ शकत नाही. ज्या घराचे दार वर्षातील अकरा महिने बंद असते ते या दिवसांत उघडते, सारवले जाते, देवाच्या वर माटी बांधली जाते, आणि एरवी चार गावांत विखुरलेली भावंडे एका पंगतीला बसतात. गावातल्या गुरवाकरवी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालून नव्या बाळाला देवाच्या पायांवर घालायचे असते. सुनेचा गौरीचा पहिला ओवसा राहिलेला असतो. आपल्या कुळात एक जीव वाढला आहे ही गोष्ट कुटुंबाने एकत्र येऊन मान्य करण्याचा हा प्रसंग आहे आणि तो टपालाने किंवा दूरध्वनीच्या पडद्यावरून साजरा होत नाही. तेव्हा आईवडिलांना घरी बसण्याचा सल्ला देणे हा मार्ग सोपा असला तरी न्याय्य नाही. त्यांनी जावे, प्रश्न कसे जावे आणि त्यांना कोणी कोणती मदत करावी, इतकाच आहे.

कोकणी माणसाला त्याच्या घराची वाट कधीच सुलभ नव्हती. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या आगबोटी बंदराबंदराला माणसे उतरवीत दक्षिणेकडे जात, परंतु पावसाळ्यात ती वाहतूक बंद राही, त्यामुळे ऐन गणपतीच्या दिवसांत खुष्कीचाच मार्ग धरावा लागे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागली आणि एक मोठे दैन्य संपले. तथापि सणासुदीला तिची क्षमता अपुरी पडते आणि स्थानकापासून वाडीपर्यंतचे उरलेले अंतर पोरासोरांसह आणि सामानासह कसे कापायचे हा प्रश्न राहतोच. म्हणून मोटारीचा प्रवास वाढला. पूर्वी १७ आणि आता ६६ असा क्रमांक धारण करणाऱ्या या राष्ट्रीय महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली पनवेल-इंदापूर टप्प्यापासून सुरू झाले आणि त्या कामाच्या दिरंगाईविषयी वृत्तपत्रांतून इतके लिहिले गेले आहे, की त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाची चढण आता बरीचशी टळते, हेही त्याचबरोबर नमूद केले पाहिजे.

मुंबईहून कुडाळ किंवा सावंतवाडी हे अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. वाट मोकळी असेल तर सकाळी निघालेला माणूस दिवेलागणीपर्यंत पोहोचतो. परंतु चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री वडखळ, कोलाड, माणगाव या ठिकाणी वाहनांच्या ज्या रांगा लागतात, त्यांत किती तास जातील याचा हिशेब कोणालाच मांडता येत नाही. मोठी माणसे हा काळ गप्पांत, भजनांत, चहाच्या घोटांत कसाबसा काढतात. तान्ह्या बाळाचा काळ मात्र वेगळ्या मापाने चालतो. त्याचे पोट लहान, त्याला दोन-तीन तासांनी दूध हवे. त्याची पाठ आणि मान कोवळी, म्हणून त्याला मोटारीच्या आसनात एका बैठकीला दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि मध्ये बाहेर काढून सपाट निजवावे, असे वैद्यकीय मत आहे. ओले लंगोट अंगावर राहिले तर कातडी लाल होते, आणि बंद मोटार उन्हात उभी राहिली तर आतली हवा त्याला मोठ्यांहून फार लवकर बाधते. या मापाने पाहिले, तर पाचशे किलोमीटरची वाट ही एका दमात संपवण्याची वाटच नव्हे. जुने लोक मजल-दरमजल प्रवास करीत, मध्ये ओळखीच्या घरी किंवा धर्मशाळेत उतरत आणि पहाटे पुढची मजल धरीत. महाड किंवा चिपळूण येथे एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पुढे जाणे यात काही पैसे अधिक जातील हे खरे, परंतु ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घराने तो खर्च प्रवासाच्या मूळ खर्चातच धरला पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे निघण्याचा दिवस. चतुर्थीच्या आदल्या रात्री सगळी मुंबई एकाच वाटेने निघते, ती काही हौसेने नव्हे. रजा तेवढीच मिळते म्हणून. पण बाळंतपणाच्या रजेची मुदत २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली असल्यामुळे नोकरी करणारी आई पुष्कळदा त्या सुमारास घरीच असते आणि आठवडाभर आधी निघू शकते. अडचण असते ती बाळाच्या वडिलांची. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झाले म्हणून १५ दिवसांची रजा मिळते, परंतु खासगी नोकरीतल्या पित्यासाठी अशी सक्ती करणारा सर्वसाधारण कायदा नाही. परिणामी आई आणि बाळ यांनी एकतर एकट्याने आधी जावे, किंवा वडिलांच्या रजेच्या चिंचोळ्या दारातून सगळ्यांनी एकाच रात्री घुसावे, एवढेच पर्याय उरतात. कारखान्याच्या आणि पेढीच्या व्यवस्थापकांनी वर्षाच्या आतले मूल ज्याच्या घरी आहे अशा माणसाला गर्दीच्या चार दिवस आधी रजा मंजूर करण्याचा शिरस्ता घातला, तर त्याला सरकारी फर्मानाची वाट पाहावी लागणार नाही आणि त्या मालकाचे कोणतेही मोठे नुकसान होणार नाही.

रात्री निघावे, म्हणजे बाळ झोपेल आणि प्रवास जाणवणार नाही, असे पुष्कळ जण म्हणतात. मला हे मत धोक्याचे वाटते. बाळ झोपते, पण चालवणाऱ्यालाही झोप येते. पावसात घाटातले वळण दिसत नाही. आणि बाळाला अचानक ताप भरला किंवा उलट्या होऊ लागल्या, तर तालुक्याच्या गावातही अपरात्री डॉक्टर गाठणे सोपे नसते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यात उपलब्ध आहे हे मोठेच साहाय्य आहे, परंतु खोळंबलेल्या रांगेतून तिलाही वाट काढावी लागते. पहाटे निघून दुपारी उन्हाच्या आधी पहिली मजल संपवणे, हेच लहान मुलाच्या दृष्टीने हिताचे.

आता मी अशा एका गोष्टीकडे येते, जिच्याविषयी आपल्या समाजात प्रेमापोटीच मोठा गैरसमज आहे. मोटारीत बाळाची जागा कोणती, असे विचारले तर शंभरातील बहुतेक माणसे आईची मांडी, असे उत्तर देतील. आईची कूस हे बाळाचे सर्वांत सुरक्षित स्थान आहे ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा घरात, अंगणात, बैलगाडीतसुद्धा खरी होती. वेगाने धावणाऱ्या यंत्रात ती खरी राहत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार समोरच्या वाहनावर आदळून एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली, तर ७ किलो वजनाच्या बाळाला जागच्या जागी धरून ठेवायला सुमारे १०० किलो भार पेलण्याइतके बळ लागते, आणि ते कोणत्याही माऊलीच्या हातांत नसते, मग तिची माया कितीही थोर असो. जन्मतः बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि ते पेलणारी मान दुबळी असते. म्हणूनच लहान बाळासाठी स्वतंत्र आसन मागच्या बाकावर, बाळाची पाठ गाडीच्या तोंडाकडे येईल अशा रीतीने, पट्ट्यांनी घट्ट बसवावे, असे सांगितले जाते. पुढच्या बाकावर ते कदापि बसवू नये. तिथली एअरबॅग मोठ्या माणसाचा जीव वाचवते, पण फुगताना तिचा तडाखा इतका जबर असतो, की तेवढ्या बाळाचा त्याने जीव जाऊ शकतो.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्या कलम १९४-ब अन्वये १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा योग्य आसन यांवाचून नेल्यास १००० रुपये दंडाची तरतूद आहे. कायदा दप्तरी आहे, पण भाड्याने ठरवलेल्या मोटारीत असे आसन मागितले तर चालक गोंधळून पाहतो, आणि सात-आठ माणसांच्या गाडीत जिथे दहा जण बसणार तिथे बाळासाठी एक जागा अडवून ठेवा असे म्हणण्याचे धैर्य नव्या सुनेला कुठून यावे? एस.टी.त आणि रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, ही सवलत गरिबाला उपकारक आहे व ती राहिलीच पाहिजे. परंतु तिकीट नाही म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून गणतीत नाव नाही, अशी जी सवय त्यातून आपल्याला जडली आहे ती खासगी मोटारीतही आपल्याबरोबर येते. वाहने भाड्याने देणाऱ्यांना परवाना देताना किमान एक बालआसन बाळगण्याची अट परिवहन खात्याने घातली पाहिजे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी, ज्यांचा शब्द अजूनही मानला जातो, त्यांनी हा विषय सुनेवर न सोपवता स्वतः काढला पाहिजे. सासऱ्याने एकदा म्हटले, की बाळाची जागा आधी लावा आणि मग आम्ही बसतो, तर पुढे वाद उरत नाही.

माझ्या भाचीबरोबर तिच्या सासरच्या गावी जाताना पाहिलेला एक प्रसंग मी सांगितला पाहिजे. माणगावच्या अलीकडे वाहने थांबली होती, पावसाची झड लागली होती, आणि पाच महिन्यांचे बाळ भुकेने जागे होऊन रडू लागले. मोटारीत सासरे पुढे बसलेले, मागे दीर; सासऱ्यांनी काही न बोलता छत्री उघडली आणि ते भर पावसात उतरून रस्त्याच्या कडेच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले, दीरही उतरला, आणि नवऱ्याने एक दुपटे खिडकीच्या काचेत अडकवून पडदा केला. तेवढ्यात रांग हलली. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले, बाळ दचकून दूध टाकून देऊ लागले, आणि त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मोटार थोडी पुढे घेतल्यावर डाव्या हाताला वडापावची एक टपरी लागली. ती चालवणाऱ्या बाईंनी काचेआडून सगळे ओळखले, कढईखालचा जाळ कमी करून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाय, आत चल. दार लाव नि निवांत बस, घाई करू नको." आत बटाट्याच्या गोण्या होत्या, त्यांवरची एक गोधडी त्यांनी काढून झटकून जमिनीवर घातली, दाराला कडी नव्हती तर सुतळीचा फास खिळ्याला कसा अडकवायचा ते दाखवले, आणि आपण दारासमोर पाठ करून उभ्या राहिल्या. अर्ध्या तासाने बाळ झोपले. पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी हात मागे घेतले आणि बाळाच्या कपाळाला बोट लावून त्या पुन्हा कढईकडे गेल्या.

त्या बाईंनी जे केले त्यासाठी लागणारी सामग्री मोजून पाहिली तर ती फार थोडी आहे: चार भिंती, आतून लागणारी कडी, स्वच्छ जमीन, आणि दाराशी एक विश्वासाचे माणूस. एवढी गोष्ट शेकडो किलोमीटरच्या राष्ट्रीय महामार्गावर कायमस्वरूपी उपलब्ध का नसावी? एस.टी.च्या स्थानकांत स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत, ही महाराष्ट्राने केलेली अतिशय चांगली व्यवस्था आहे. घरी राहिलेल्या तान्ह्यासाठी रात्री गडाचा कडा उतरून गेलेल्या त्या हिरकणी गवळणीची कथा परंपरेने जिथली सांगितली जाते, तो रायगड तर याच वाटेवरच्या महाडहून जवळच आहे. परंतु स्थानक शहराच्या आत असते, खासगी मोटारीने जाणारी आई तिथे वळत नाही, आणि काही ठिकाणी त्या कक्षाला कुलूप आणि किल्ली भलत्याच माणसाकडे, असा अनुभव स्त्रियांनी सांगितलेला मी ऐकला आहे. उत्सवाच्या दिवसांत महामार्गावर ठिकठिकाणी तात्पुरती सुविधा केंद्रे, वैद्यकीय पथके आणि पोलिसांच्या चौक्या उभारण्याचा अलीकडे प्रघात पडला आहे. अवजड वाहनांना मनाई होते, गणेशभक्तांना पथकर माफ होतो. हे सारे स्वागतार्ह आहे. पण बाळे शिमग्यालाही गावी जातात, मे महिन्याच्या सुट्टीतही जातात, आजोबा आजारी पडले म्हणून ऐन पौषातही जातात. आणि उत्सव संपताच मांडव उतरवला गेला, की त्यांच्यासाठी वाटेवर पुन्हा काहीच राहत नाही.

कायमची घरे उभारायची म्हटली, की ती कोणी उभारायची हा वाद निघतो. पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्यापुढचा झारापपर्यंतचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे, अशी कामाची वाटणी आहे. कारभाराच्या दृष्टीने तिला कारणे असतील. परंतु मांडीवर रडणारे मूल घेतलेल्या बाईला इंदापूरची हद्द कुठे संपते हे ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. दोन्ही खात्यांनी मिळून दर चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक बालविश्रामगृह बांधावे, त्याला मोठे उपाहारगृह जोडण्याचा हव्यास धरू नये. आत वाहते पाणी, पंखा, बाळाला निजवून लंगोट बदलण्यासाठी एक उंच फळी, उकळलेल्या पाण्याची सोय, स्वच्छ शौचकूप आणि वेतनावर नेमलेली स्थानिक बचत गटातील एक स्त्री एवढे असले तरी पुरे. वाटेवरच्या गावांतील बायकांना त्यातून काम मिळेल, हा लाभ मी दुय्यम मानत नाही. मोटारीतून जाणाऱ्यांचाच नव्हे, तर एस.टी.ने जाणाऱ्या, दुचाकीवर तान्हे मूल घेऊन निघालेल्या कष्टकरी जोडप्याचाही त्या घरावर तितकाच हक्क असावा.

गावी पोहोचल्यानंतरच्या दोन गोष्टी आजी-आजोबांना विनंती म्हणून सांगते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधावाचून काही लागत नाही, वरचे पाणीसुद्धा नाही. आणि वर्ष पुरे होईपर्यंत मध चाटवू नये, कारण त्यातून क्वचित पण प्राणावर बेतणारा विकार होतो. सहा महिन्यांवरील बाळाला मात्र आपल्या घरच्या नाचणीच्या सत्वासारखे आणि पेजेसारखे दुसरे सौम्य अन्न नाही, आणि ते करायला आजीइतके कोणाला येत नाही. बाळ दारात आले, की दहा जणांनी ते दहा हातांत घ्यावे ही हौस स्वाभाविक आहे. तरी दृष्ट काढून आत घेतल्यावर त्या दिवशी आईला आणि त्याला माजघरात निजू द्यावे आणि भेटीगाठी दुसऱ्या दिवशी ठेवाव्यात. प्राणप्रतिष्ठेच्या मुहूर्ताला मुलगा-सून पोहोचली नाहीत म्हणून रुसू नये. घरात दीड दिवसाचाच गणपती असेल आणि विसर्जनापूर्वी त्यांना पोहोचता येत नसेल, तर त्यांनी गौरीला यावे. पण मुहूर्त गाठण्यासाठी सुनेने रात्रभर बाळ मांडीवर घेऊन भरधाव यावे, अशी अपेक्षा तिच्याकडून करू नये.

दरवर्षी गणपतीपूर्वी मंत्री आणि अधिकारी या महामार्गाचा पाहणी दौरा करतात, खड्डे मोजतात, ठेकेदाराला तंबी देतात आणि मुदत ठरवून देतात. पुढच्या दौऱ्यात त्यांच्या ताफ्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातील एखादी अनुभवी परिचारिका आणि तान्हे मूल असलेली एक आई यांना सन्मानाने सामील करून घ्यावे. पनवेलपासून झारापपर्यंत कोणत्या ठिकाणी बाळाला पाजता आले, कोणत्या ठिकाणी पाणी नव्हते, कोणते दार बंद होते, याचा त्या दोघींचा लेखी शेरा घ्यावा, आणि खड्ड्यांच्या अहवालासोबत तोही जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत दाखल करून त्यावर काय कारवाई झाली ते उत्सवाआधी जाहीर करावे.